यादीबाहेरच्या लेकी

मुलांनो, गेल्या वर्षी मुंबईहून काही संशोधक आपल्या गावात आले होते. काही समाजांतल्या बायकांना गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास जास्त का होतो आणि त्यात जनुकांचा वाटा किती, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांचं संमतिपत्र इतक्या शुद्ध मराठीत होतं की कुणालाच कळेना. म्हणून मूळ इंग्रजी वाचून ते समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

अभ्यास फक्त पहिलटकरणींचा होता. वाडीवाल्यांच्या, कोळीवाड्यातल्या, मोहल्ल्यातल्या सुनांची यादी झाली. प्रत्येकीला क्रमांक मिळाला, प्रत्येकीचं रक्त घेतलं. सगळे रकाने मी स्वतः तपासले.

तीन महिन्यांनी ती मंडळी परत आली, तेव्हा यादीतली एकही बाई गावात नव्हती. सगळ्या बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझी दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली, तरी माझ्याही नाही.

तपासणी ठेवली होती त्या आमच्या ओटीवर मात्र गर्दी होती. सासरहून आलेल्या गावच्या लेकी तपासणीला येऊन बसल्या होत्या. संशोधकांतल्या तरुण डॉक्टरबाई एकदा यादी बघत, एकदा पोटं.

"या आमच्या नाहीत," त्या म्हणाल्या.

"आमच्या आहेत," मी म्हटलं.

पण क्रमांक घातल्याशिवाय त्यांचं रक्तदाबाचं यंत्र चालू होत नव्हतं, आणि दुसरं यंत्र आणलेलं नव्हतं. तेवढ्यात आपली मासळीवाली लेकीला घेऊन आली. पोरीचा चेहरा सुजलेला, पायांत चपला जात नव्हत्या, डोकं सकाळपासून ठणकत होतं.

"यादीतला एक नंबर दे ना हिला," मासळीवाली म्हणाली. "मशिनला काय कलतंय?"

डॉक्टरबाईंनी सतरा क्रमांकावर बोट ठेवलं, आणि मग अगदी गंभीरपणे म्हणाल्या, की सतरा कोळी समाजाची नाही.

"मग कोल्यांचा दे."

मी चष्मा लावून शोधून दिला. चोवीस.

रक्तदाब त्यांनी दोनदा मोजला. मग गाडीतली रक्ताच्या नळ्यांची खोकी आमच्या ओटीवर उतरवली आणि पोरीला घेऊन थेट जिल्ह्याचं इस्पितळ गाठलं.

पुढे खरी चोवीस नंबरवाली मुलगा घेऊन सासरी परतली, तर तिच्या नावाने पत्र आलेलं: आपला रक्तदाब गंभीर होता, आपल्याला इस्पितळात हलवण्यात आलं. ती पत्र घेऊन धावत माझ्याकडे आली.

"बाय, हे कधी झालं? आता बरी हाय ना मी?"

मी तिला बसवलं आणि सांगितलं, "तूही बरी आहेस, तीही. तिला मुलगी झाली."