खाऱ्या वाळूची गच्ची

आमचा आजा, राघो केणे, लग्नाला गेला की नवरा-नवरीच्या आधी मांडवाचे खांब बघायचा. हॉटेलात कॉलमशेजारचं टेबल मागायचा. नातेवाईक चिडवायचे, "साहेब, जेवायला आलायत की इन्स्पेक्शनला?" तो हसायचा, पण हसतानाही त्याची नजर छतावर असायची.

मिठागरात राबणाऱ्या घरातला तो पहिला मॅट्रिक आणि पहिला इंजिनिअर. चौतीस वर्षं बांधकाम खात्यात काढली. कल्याण, मुरबाड, शहापूर पट्ट्यातले छोटे पूल, मोऱ्या, शाळांच्या खोल्या. एकदा बढती मिळाली, पण नागपूरला जावं लागणार होतं. डोंबिवलीजवळचं आमचं खाडीकाठचं गाव सोडून आजी, बायजा, कुठे रमली नसती, म्हणून त्याने ती नाकारली. साइट कितीही लांब असो, शेवटच्या एसटीने घरी यायचा. आजीचे गुडघे दुखायला लागले तेव्हा जिना फोडून पाच-पाच इंचांच्या पायऱ्या करून घेतल्या. जिना इतका लांबला की अर्धं अंगण गेलं.

या घरात तो स्वस्थ मात्र कधी बसला नाही. दर रविवारी स्टुलावर चढून छोट्या हातोडीने स्लॅब ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचा. आवाज पोकळ आला की तिथे पेन्सिलीने गोल काढायचा. आम्हाला वाटायचं, रिटायर माणसाचा चाळा.

चाळा नव्हता. घर १९८३ साली बांधलं. त्याचा धाकटा भाऊ गोपीनाथ तेव्हा खाडीत बुड्या मारून वाळू काढायचा. दादूसच्या घराला आपल्याकडून काहीतरी हवं म्हणून त्याने सगळी वाळू दिली, एकेक बादली तळातून काढून. त्याच हंगामात पाण्याच्या दाबाने त्याचा एक कान कायमचा गेला, दुसरा निम्मा. आता खाडीची वाळू गोड्या पाण्यात नीट धुतली नाही, तर तिच्यातलं मीठ स्लॅबच्या आतली सळई वर्षानुवर्षं खात राहतं. सरकारी कामावर आजा अशी वाळू ट्रकसकट परत पाठवायचा. घराच्या वेळी मे महिना होता, विहीर आटलेली. वाळू एकदा धुतली, तीही धड नाही. "तुझी वाळू नको" असं त्या भावाला सांगायला त्याची जीभ उचलली नाही. स्लॅब ओतला गेला.

हे आम्हाला कळलं २०१९ साली, माझ्या बहिणीच्या, कल्पिताताईच्या हळदीला.

आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. आपल्या नातीची हळद दादूसच्या गच्चीवर होणार, असं गोपीनाथआजाने महिनाभर आधीच गावभर करून ठेवलं होतं. आजाने बाबांना दोनदा सुचवून पाहिलं की नाच खालीच ठेवू या. कारण सांगेना. बाबा म्हणाले, खाली पंगती बसणार आहेत, आणि विषय संपला. मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होते. छतावर पेन्सिलीचे गोल किती झालेत हे मोजायचं मलाही सुचलं नाही.

साडेसहाला डीजेवाल्यांनी आठवा बॉक्स गच्चीवर चढवला. चाळीसेक पोरी वर नाचायला लागल्या होत्या, खाली दोनशे माणूस चढायच्या तयारीत. आणि आजा, ऐंशी वर्षांचा, जिन्याच्या वरच्या दारात चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभा राहिला. वर कुणी यायचं नाही म्हणाला. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, आजा, आज तरी इन्स्पेक्शनला सुट्टी दे. तो हलेना. बाबांचा चेहरा पडला, कारण जिन्यात व्याह्यांची माणसं होती.

मग फेटा सावरत गोपीनाथआजा वर आला. पोरीची हळद आहे आणि हा दार अडवून बसलाय, हे त्याला सहनच होईना.

"माझी हौस बघवत नाय काय तुना?"

मागे डीजे, पुढे निम्म्या कानाचा भाऊ. जे छत्तीस वर्षं लपवलं ते आजाला कुजबुजून सांगता येणार नव्हतं. त्याने गोपीनाथआजाचा खांदा धरला, चांगल्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडला.

"गोप्या, ती वालू खारी व्हती. मना तवाच म्हायती व्हता. तरी मीच घातली."

मी आणि बाबा दोन पायऱ्या खाली होतो, म्हणून आम्ही ऐकलं. बाकीच्यांपर्यंत फक्त गाणं गेलं.

 गोपीनाथआजाचा हात कानाकडे गेला होता, तो तिथेच राहिला.

"मंग छत्तीस वर्सा झोपलास कसा तू?"

"झोपलू कवा?"

गोपीनाथआजा त्याच्या बगलेखालून गच्चीवर गेला आणि त्याने डीजेची वायर स्वतः उपटली. सगळ्यांना सांगितलं की माझे गुडघे दुखतात, मी खाली नाचणार, ज्याला माझ्याबरोबर नाचायचंय त्याने खाली यावं. पोरी कुरकुरत उतरल्या. आजा पाच-पाच जणींनाच सोडत होता. पंगती रस्त्यावर गेल्या. धाकट्या म्हाताऱ्याने हट्टाने हळद खाली आणली, असं गाव पुढे कित्येक महिने बोलत होतं. गोपीनाथआजाने बोलू दिलं.

लग्नानंतर घराच्या मजबुतीचं ऑडिट झालं, घर रिकामं केलं, स्लॅब फोडला. काही सळयांचा बोटाने दाबल्या तरी चुरा होत होता. त्या संध्याकाळी दोनशे माणसं वर गेली असती तर गच्चीने पेललं असतं का, हे मी आजवर चार वेळा मांडून पाहिलंय. दोनदा उत्तर हो येतं, दोनदा नाही. आजाला दाखवलं तर म्हणाला, आकडे परत तपास.

नव्या घरात तो दोनच वर्षं राहिला. चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेला. त्या घराच्या वाळूचा पहिला ट्रक आला तेव्हा तो समोर उभा होता. वाळू खाडीची नव्हतीच, दगड दळून केलेली होती; त्यात मीठ कुठून येणार. तरी गोपीनाथआजा ढिगाशी वाकला, चिमूटभर जिभेवर ठेवली, थुंकली आणि म्हणाला, गोड हाय.

आजाने त्याच्यासमोर हात पसरला. "वरची काय चाखतस? खालची काढ."