लाल दिव्याची झडती

माझ्या मुलुंडच्या मामांनी उभ्या आयुष्यात विश्वास ठेवला तो फक्त कुलपावर, आणि तोही तीनदा ओढून बघितल्यावर. बाकी सगळं जग त्यांच्या लेखी संशयित. दूधवाला दुधात पाणी घालतो असा संशय सगळ्यांनाच असतो; मामांची खात्री होती की तो पाण्यात दूध घालतो, आणि ते पाणी कुठल्या विहिरीचं याचा तपास त्यांनी सहा महिने चालवला होता. कलिंगडवाल्याने कापून दाखवलेल्या फोडीवर ते बोट घासून बघत, रंग लावलाय का म्हणून. सत्यनारायणाचा प्रसाद हातावर पडला की आधी भटजींनी खाल्लाय ना, हे डोळ्यांनी पाहत. मी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तर म्हणाले, "काम काय होता ता सांग."

यात त्यांचा दोष नव्हता. सत्तावीस वर्षं ते एका गिरणीच्या दारावर झडतीला होते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की हजारभर माणसं त्या एका दारातून बाहेर पडत, आणि मामा "हात वर!" म्हणत प्रत्येकाची कंबर चाचपत, डबा उघडून हुंगत. सगळ्यात जास्त सापडायचा तो पट्टा. कापडाचे माग फिरवणारा जाड चामडी पट्टा. त्याचे तुकडे कमरेला गुंडाळायचे, वर सदरा सोडायचा आणि चालू लागायचं. त्याचे चपलांना तळ झकास होत. मामांनी इतके पट्टे सोडवून घेतले की जोडले असते तर मुलुंडहून मालवणला पोचून उरले असते. "सोना एकवेळ ऱ्हवात," ते सांगत, "पण पट्टो काय ऱ्हवचो नाय."

पुढे संप झाला, गिरणी बंद पडली आणि मामांनी फंडाच्या पैशांतून घाटकोपरच्या एका डॉक्टरची जुनी गाडी घेतली. हौस म्हणून नव्हे. त्यांची एकुलती एक सुलू लग्नाची होती आणि तिची पाठवणी भाड्याच्या गाडीतून करायची नाही, असा त्यांचा पण होता. "ड्रायवर कोण, खयचो, पोरीक खय नेऊन सोडतलो?"

"पण मामा, नवरामुलगा शेजारीच बसलेला असेल ना!"

"त्याका तरी कोण वळाखता?"

तर लग्न आठ दिवसांवर आलं आणि गाडीत लाल दिवा लागला. किल्ली फिरवली की लागायचा आणि इंजिन चालू झालं की विझायचा, तो बॅटरीचा दिवा. आता तो विझेचना. सुलूचं सासर अंधेरीला. वाटेत पवईला गाडी बंद पडून नवरी तलावाकाठी उभी आहे, असं स्वप्न मामींना रोज पडू लागलं. मामांना स्वप्न पडलं नाही, कारण ते झोपतच नव्हते.

त्यांचा पहिला संशय दिव्यावरच. दिवा खोटं बोलतो म्हणून त्यांनी तो उपटून काढला. मग गप्प बसलेला दिवा त्यांना जास्तच डांबरट वाटू लागला, म्हणून परत बसवला. दुसरा संशय शेजाऱ्यांवर. त्यांनी गाडीभोवती रांगोळी पसरली, पावलं उमटावीत म्हणून. सकाळी पावलं उमटली होती. मामींची. त्या रांगोळी झाडायला गेल्या होत्या. मग दोन मिस्त्रींना दाखवलं. एक म्हणाला बॅटरी गेली, दुसरा म्हणाला डायनमो गेला.

"दोघांनी वेगवेगळा सांगितल्यानी. म्हणजे दोघे मिळालेले."

"आणि एकच सांगितलं असतं तर?"

"मग तर पक्केच मिळालेले!"

शेवटी चार दिवस उरले तेव्हा मी त्यांना भांडुपला वसंता मिस्त्रीकडे न्यायचं ठरवलं. निघण्याआधी मामांनी बॉनेट उघडून आतल्या प्रत्येक वस्तूवर नेलपॉलिशचा ठिपका ठेवला, म्हणजे मिस्त्रीने माल बदलला तर कळावं. बॅटरी, डायनमो, प्लग, एवढंच काय, पाण्याच्या टाकीचं झाकणही लाल केलं. बाटली सुलूच्या लग्नासाठी आणलेली होती. पोरगी बोहल्यावर चढली ती एका हाताला रंग लावून. दुसरा हात गाडीत खर्ची पडला.

वसंताने मामांना पाहिलं आणि पाना खाली ठेवला. "या मामा! ओळखलं नाय? तुमच्याच गिरणीत होतो. अकरा वर्षं रोज माझा डबा हुंगलाय तुम्ही. बोंबील कधी असायचे ते माझ्या बायकोपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक."

मामा माझ्या कानाशी लागले. "फिरव गाडी. हो सूड घेतल्याशिवाय ऱ्हवचो नाय."

पण फिरवून जायचं कुठे? गाडी एक रात्र तिथे ठेवणं भागच होतं. "मी जरा शेवटचा बघून येतंय," म्हणत मामा बॉनेटखाली गेले, पाचदहा मिनिटांनी काळ्या हातांनी बाहेर आले आणि आम्ही घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर वसंता हाताची घडी घालून स्टुलावर बसलेला.

"मामा, पट्टा कुठाय?"

"खयचो पट्टो?"

"फॅनबेल्ट. इंजिन त्या पट्ट्याने डायनमो फिरवतं, डायनमो बॅटरी भरतो. काल गाडी आली तेव्हा होता. तुम्ही गेलात, तो पण गेला."

"म्हणजे तुझ्या ग्यारेजात चोर हत!" मामा एवढ्या जोरात ओरडले की कांजूरमार्गपर्यंतचे लोक आपापले खिसे चाचपू लागले असतील.

वसंता शांतपणे उठला. फडक्याला हात पुसले. मामांसमोर येऊन म्हणाला, "हात वर."

आणि काय सांगू, सत्तावीस वर्षं जो हुकूम स्वतः दिला, तो ऐकताच मामांचे हात आपोआप वर गेले! वसंताने कंबर चाचपली, सदरा उचलला. आत लेंग्याच्या नाडीवर, व्यवस्थित गुंडाळलेला, फॅनबेल्ट.

मी रस्त्याकडे तोंड करून खोकत राहिलो. वसंता मात्र हसला नाही. "किती दिवस चाललंय हे?"

"गाडी घेतल्यापासून," मामा हात वर ठेवूनच पुटपुटले. "रोज सांजेक काढतंय, सकाळी घालतंय. पट्टो कोणी ठेवता काय रे?"

"मग मामा, दिवा खरं बोलत होता. रोज सोडायचं, रोज आवळायचं. डायनमोच्या बोल्टाचे आटे गेलेत, पट्टा सैल राहतो, डायनमो घसरतो. नवीन बोल्ट लावतो. पण पुन्हा पट्टा काढायचा नाय. आणि गाडी उभी असताना दिवा जरा मिणमिणेल, जुना डायनमो आहे. चालली की विझेल. घाबरायचं नाय."

"म्हणजे काम अर्धवट!" मामा हात खाली घेत म्हणाले. निघताना त्यांनी कोपऱ्यातला वसंताचा डबा उचलला, उघडला, हुंगला. "बोंबील," म्हणाले आणि झाकण नीट लावून ठेवलं. हे त्यांचे आभार होते. वसंताला ते कळले, कारण तो तेव्हा हसला.

लग्न पार पडलं. मागे सुलू आणि जावई, पुढे मी, गाडी मामांकडे. सुलू भांडुपपासून रडत होती. मामांनी आरशात एकदाही पाहिलं नाही; नजर रस्त्यावर, नाहीतर त्या दिव्यावर. अंधेरीला दारात ती पाया पडायला वाकली तेव्हा बापाने लेकीला एवढंच सांगितलं, "कडी आतसून नीट लागता काय बघून घे गो."

परतताना साकीनाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली. दिवेलागण झाली होती. मागची सीट रिकामी, तिथे अबोलीची दोन फुलं पडलेली. मामांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि ते समोर बघत होते. पण त्यांना काही दिसत नसावं. मग म्हणाले, "बघ रे, दिवो लागलो काय?"

मी पाहिलं. दिवा लाल मिणमिणत होता.

"नाही मामा."

"नक्की?"

"नक्की."

ते वाकले नाहीत. बोट लावून बघितलं नाही. गियर टाकला आणि निघाले. मुलुंडला गाडी लावली, बॉनेट न उघडताच जिना चढू लागले. सवयीने एक हात कमरेशी गेला. तिथे काहीच नव्हतं. हात तसाच ठेवून ते वर गेले.

त्या संध्याकाळी त्यांनी माझा शब्द एकदाही ओढून न बघता घेतला, आणि तो नेमका खोटा होता. हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणतील, "माका तेव्हाच संशय इलेलो."