युसुफची सही

चिंचवडच्या बाजारात कोंडाजी खिळे-बिजागऱ्या विकायचे. धंद्यात चोख, पण बाकी माणूस मुलखाचा भोळा! युसुफ त्यांचा भागीदार. दोघांनी मिळून लोखंडी सामानाचं दुकान थाटलं आणि पहिल्या बऱ्या नफ्यातून एका कापडगिरणीचे शेअर घेतले. भागीदारीच्या दुकानाचं नाव काही गिरणीच्या दप्तरात चढेना, म्हणून दोघांची नावं घातली. विकायचे तर सह्याही दोघांच्या लागणार होत्या.

वर्षभरात युसुफ मुलाकडे आफ्रिकेत, मोंबासाला गेला. सहा महिन्यांत येतो म्हणाला. चार वर्षं झाली. पिंपरीला औषधांचा सरकारी कारखाना आला, दुकान धो धो चाललं, पण कोंडाजींचं मन कशात लागेना. दुपारी चहा मागवताना तोंडातून अजून ‘दोन कप’ जायचं, मग स्वतःवरच चिडायचे. शेअरचा भाव चढलाय, विका की, असं कुणी म्हटलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं: सहीला युसुफ यायचाय.

पंचावन्न साली पुण्याच्या इन्कमटॅक्स कचेरीतून बोलावणं आलं. दुकानाचे हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींनी ते शेअर चक्क मालाच्या यादीत, खिळ्यांच्या शेजारी लिहिले होते; आता काय म्हणावं या माणसाला! साहेबांनी समजावलं, की विकायला घेतले असतील तर तो धंद्याचा माल, त्यावरच्या नफ्याला कर लागणार. ठेवायला घेतले असतील तर ती गुंतवणूक, तिचा नफा सध्या सुटतो. मग भाव एवढा चढूनही एकसुद्धा का विकला नाही, असं त्यांनी विचारलं.

“युसुफ आल्याबिगर इकता येत न्हाई, सायेब. त्याची सही लागती.”

साहेब हसले. भला माणूस होता बिचारा. “अहो, त्यासाठी त्यांनी यायची काय गरज? फॉर्म टपालानं पाठवा. साक्षीदारासमोर सही करून पाठवतील परत.” त्यांनी ‘गुंतवणूक’ असा शेरा मारला आणि काम फत्ते झालं.

कोंडाजी मात्र शिवाजीनगरच्या फलाटावर बसून ढसाढसा रडले. सहीसाठी तरी येईल, एवढ्याच आशेवर ते चार वर्षं तग धरून होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोंबासाला पत्र लिहिलं. जन्मात कधी वजनात खोट केली नव्हती या गृहस्थानं, पण लिहिलं: “सायेब लई कडक हाय. टपालाची सही चालत न्हाई म्हनतो. तुला सोता यावं लागंल. लवकर ये.”