भटियाऱ्याची पालथी ताटं

वाटसरूला जेवू घालणाऱ्या माणसाच्या नावात अख्खी संस्कृती साठवलेली असते. हे वाक्य मी अंधेरीतल्या आमच्या सोसायटीच्या सभेत वाचलं आणि वाचता वाचताच मला त्याची लाज वाटली.

ते लिहायला लावलं होतं तळमजल्यावर खाणावळ चालवणाऱ्या मावशींनी. मी वर एकटा राहतो, जेवतो त्यांच्याकडे. इमारत पाडून टॉवर व्हायचा होता. त्यात खाणावळीला जागा द्यायची की नाही, हे सभेत ठरणार होतं. अध्यक्षांच्या मते ही अलीकडची घुसखोरी. मावशी म्हणाल्या, "तुमी एवढी पुस्तका वाचतास मा? आमच्या धंद्याक एखादो जुनो शब्द काढा. वकील माका झेपाचो नाय."

मी भटियारा काढला. सरायीत, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या जागी, उतरलेल्यांना रांधून घालणारा. नातं भट्टीशी, आणि भट्टीच्या मागे धान्य भाजायचं संस्कृतातलं भांडं. आपला भटारखाना त्याच घरचा. हिंदीत भटियारीण म्हणजे भांडकुदळ बाई, असंही सापडलं. ते मी गाळलं.

मावशींनी कागद ऐकला. "आणि वायट काय सापडला?"

सांगितलं.

"मगे शब्द बरोबर आसा."

त्यांची एक रीत होती. न कळवता जेवण चुकवलेल्या गिऱ्हाइकाचं ताट त्याच्या जागी पालथं ठेवायचं, आणि निरोप येईपर्यंत हलवायचं नाही. एरवी असं एखादंच असायचं. पाडकामासाठी भिंतींवर लाल आकडे पडले त्या आठवड्यात तीन झाली, मग सात. भाडेकरू खोल्या सोडत होते, सांगून कोणीच जात नव्हतं. उरलेले आम्ही हळू आवाजात जेवायचो. एका दुपारी मोजणीवाला टेप घेऊन आत आला, ताटांकडे बघितलं आणि बूट काढायला परत बाहेर गेला.

सभेत माझा कागद फार गाजला. अध्यक्ष गहिवरले. "सर, काय शब्द दिलात!" नव्या सभागृहाला 'सराय' हे नाव एकमताने ठरलं. खाणावळीची जागा त्यानंतर दोन मिनिटांत नामंजूर झाली.

दोन दिवस मी खाली उतरलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, तर माझं ताट पालथं होतं. मावशींनी ते सुलटं केलं आणि भात वाढला.

टॉवरचा नकाशा आता जिन्यात लावला आहे. सराय पहिल्या मजल्यावर आहे. तिला स्वयंपाकघर नाही.