तपासनाक्याच्या अलीकडची हर्लिंडा

माझी धाकटी बहीण हर्लिंडा अडुसष्ट वर्षं एका पट्ट्यात राहिली आहे. दक्षिणेला नदी, तिच्या पलीकडे मेक्सिको. उत्तरेला गाडीने सव्वा तासावर नागरिकत्वाचे कागद बघणारा तपासनाका, आणि त्याच्या पलीकडे उरलेलं सगळं टेक्सस. आमच्या सान बेनितोत अशी माणसं पुष्कळ आहेत, पण त्यांतली बरीचशी नदी ओलांडून आलेली. हर्लिंडा कुठूनच आलेली नाही. ती आमच्या आईच्या खाटेवर जन्मली. मीही त्याच खाटेवर, तिच्या चार वर्षं आधी. सुईणही एकच, दोन्या कासिमिरा.

मी आईवर गेले, हर्लिंडा वडिलांवर. म्हणून घरात मी गोरी आणि ती काळी. हाक लाडाचीच, आमच्याकडे त्यात कुणाला काही वाटत नाही. पण नन्सच्या शाळेत एकीलाच घालणं परवडणार होतं, तेव्हा आत्या म्हणाली, "गोरीला घाला, ती तिथे शोभेल." हर्लिंडा नवव्या वर्षी कांद्याच्या शेतात गेली आणि पुढे तीस वर्षं संत्र्यांच्या शेडमध्ये फळं निवडत राहिली. नव्या मुलींना ती सांगायची, "सालीकडे काय बघता गं? हातात घेऊन बघा, जड लागतंय का."

तरुणपणी एकदा शेडच्या बसमधून उत्तरेला जाताना नाक्यावर तिला एकटीला उतरवलं आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. त्यानंतर ती उत्तरेला गेली नाही. तिचा मुलगा नोए नाक्यापलीकडे सान अँटोनिओत नोकरीला लागला, तिथे त्याने घर घेतलं. "तो येतो की दर महिन्याला," ती म्हणायची. दोन वर्षांपूर्वी नोएची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीन दिवस त्याला डायलिसिसला बसावं लागतं. त्याचं येणं थांबलं.

"मला त्याच्या घरात एक दिवस स्वयंपाक करायचाय," हर्लिंडा एका सकाळी म्हणाली. "एकच दिवस, गोरे."

मी तिचे कागद जमवले. जन्मदाखला, बाप्तिस्म्याची नोंद, शेडचं ओळखपत्र. तिने मक्याच्या पानांत वाफवलेले तमाले केले, पातेलं मांडीवर घेतलं आणि आम्ही निघालो.

नाक्यावरच्या अधिकाऱ्याच्या छातीवर नाव होतं, गार्सा, आमच्यातलंच. त्याने माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. मग वाकून त्याने तिला विचारलं, "तुम्ही इथल्या नागरिक आहात?"

"हो, माझी बहीण आहे," मी म्हणाले.

"मी त्यांना विचारलं."

"जन्म सान बेनितोचा. हे पाहा, दाखला आहे."

"बाई, त्यांना बोलता येत नाही का?"

हर्लिंडा माझ्याकडे बघत राहिली. आमच्या घरात थोरली बोलत असताना धाकटीने तोंड उघडायचं नाही, हे वडिलांनी शिकवलेलं. मी थांबायला हवं, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. तो म्हणाला, "गाडी बाजूला घ्या."

आत चार तास गेले. दोन्या कासिमिराने म्हणे पूर्वी नदीपलीकडे जन्मलेल्या काही बाळांना इथले खोटे दाखले दिले होते. तेव्हापासून तिच्या हातचं प्रत्येक मूल संशयित.

"माझ्या दाखल्यावरही तिचीच सही आहे," मी म्हणाले.

"तुमचा दाखला मी मागितला नाही, बाई."

शेवटी त्यांनी तिला एक कागद दिला. सुनावणी होईपर्यंत जिल्हा सोडायचा नाही.

परतताना ती म्हणाली, "तू का बोललीस?"

"सवयीने."

"मला ठाऊक होतं काय सांगायचं. आठ दिवस आरशासमोर इंग्रजीत घोकत होते." थोड्या वेळाने ती हसली. "आणि तो गार्सा, पाहिलास? माझ्याहून काळा. त्याच्या आजीला विचारावं कुणीतरी."

मला हसू आलं नाही.

सुनावणी दोनदा पुढे ढकलली गेली. आता मार्चमध्ये आहे. ऑक्टोबरात मी एकटीच गेले. नाक्यावर मला कुणी काचही खाली करायला लावली नाही. नोएने दार उघडलं. तो फार वाळला आहे. त्याला सगळं माहीत होतं, तरी माझ्या मागे गाडीकडे बघत त्याने विचारलं, "मावशी, आई गाडीत बसलीय का?"

मी तिथे दोन दिवस राहिले आणि रोजच्या वहीत सगळं टिपून घेतलं. घरी आल्यावर हर्लिंडाच्या अंगणात बसून तिला वाचून दाखवलं. भिंतींचा रंग, खिडक्या किती, औषधं कुठल्या फळीवर. ती डोळे मिटून ऐकत होती.

"दारापासून स्वयंपाकघर किती पावलं?"

"अकरा."

"तुझी?"

"माझी."

"म्हणजे माझी तेरा." ती उठली आणि अंगणात तेरा पावलं मोजून थांबली. "शेगडी कुठे?"

"डावीकडे."

तिने डावा हात पुढे केला. "आणि तो जेवायला कुठे बसतो?"

"तुझ्या समोर. खिडकीकडे पाठ करून."

ती तिथेच उभी राहून समोर बघत होती.

"मग पाठीला ऊन मिळत असेल त्याला," ती म्हणाली. "बरं आहे."