एकशे अठराची थरथर

कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझी साखर तीनशे चाळीस निघाली आणि त्याच दुपारी मला क्रेनवरून खाली उतरवलं. साजगावच्या त्या कारखान्यात बावीस वर्षं मी छताखालच्या केबिनमध्ये बसून लोखंडी पत्र्याच्या गुंडाळ्या, म्हणजे कॉइल, उचलत होतो. कंपनीच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, तोवर रजेवर घरी राहा, तीन महिन्यांत साखरेची सरासरी ताळ्यावर आणा, मग वर जा. नाही आली तर कायमचं स्टोअर. म्हणजे नटबोल्ट द्यायचे आणि सह्या घ्यायच्या. मनात म्हटलं, यांना काय कळतंय डोंबल! तीनशे चाळीस साखर अंगात असताना त्याच सकाळी मी पाच टनांची कॉइल ट्रकवर ठेवली होती आणि ट्रक हलला नव्हता.

पण केबिन परत पाहिजे होती. गोळ्या घेतल्या, भात अर्धा केला. जन्म भातावर गेलेल्या माणसाच्या ताटात दोन पळ्या भात वाढायचा आणि भोवती काकड्या मांडायच्या, याला डॉक्टर लोक आहार म्हणतात. महिनाभरानं डॉक्टरांच्या तपासणीत साखर उतरलेली निघाली आणि मी आजारी पडलो. अकरा वाजले की हात थरथरायचे, कानामागून घाम यायचा, पोटात खड्डा पडायचा आणि समोर दिसेल त्याच्यावर खेकसावंसं वाटायचं. तीनशे चाळीसला मी ठणठणीत होतो. आता साखर नीट, तर माझा हा अवतार.

मेव्हण्याला लगेच कळलं. मेव्हणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, मोहोपाड्याला केमिकल कंपनीतून रिटायर झालेला. त्याला दहा वर्षं साखर आहे, आणि त्या दहा वर्षांत तो डॉक्टर झालाय असं त्याचं त्यालाच वाटतं. म्हणाला, "दाजी, लो झाली तुमची. खिशात गूळ ठेवा." ठेवला. हात थरथरले की एक खडा तोंडात. दहा मिनिटांत हात शांत. याहून मोठा पुरावा कोणाला पाहिजे?

मोजायचं मशीन घरात होतं. डॉक्टरांनी घ्यायला लावलेलं, कपाटावर पिशवीसकट पडलेलं. मी त्याला हात लावला नाही, कारण क्रेनवाल्याची खोड. केबिनमध्ये वजनाचा काटा असतो, पण जुना ऑपरेटर त्याच्याकडं बघत नाही. लोड जमिनीवरून सुटला की दांड्यातून हाताला कळतं, किती टन आहे ते. काटा बघतो तो नवखा, अशी आमची मिजास. लोखंडाचं वजन हाताला कळतं, मग स्वतःच्या रक्ताचं कळणार नाही? असा माझा हिशेब. माझ्याइतका शहाणा साऱ्या खालापूर तालुक्यात नसेल.

बुद्ध पौर्णिमेला विहारात वंदना संपता संपता हात थरथरायला लागले. मेव्हण्यानं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "दाजींची लो झाली, खीर आणा." माझ्यासाठी आधी पातेलं उघडलं. मी दोन वाट्या खीर खाल्ली, तीही औषध म्हणून, गंभीर तोंड करून. बायको समोर बायकांत बसून बघत होती.

दुसऱ्या दिवशी अकराला मी गुळाच्या डब्याकडं गेलो, तर तिनं मनगट धरलं. मशीन काढून माझं बोट टोचलं. एकशे अठरा.

"मशीन बिघडलंय," मी म्हणालो.

तिनं नवी सुई लावली आणि स्वतःचं बोट टोचलं. एकशे चार. "माजी तुमच्याहून कमी हाय. मी थरथरतेय का?"

मी गुळाच्या किमतीवरून भांडण काढलं.

ती मला ओढत डॉक्टरांकडं घेऊन गेली. ते म्हणाले, अंगाला तीनशेची सवय झालीय, शंभरला ते ओरडणारच. सत्तरच्या खाली गेली तर ताबडतोब गोड खा. त्याच्या वर असेल तर बसून राहा, काही आठवड्यांत थांबेल. तोवर गुळानं आपलं काम केलं होतं. तीन महिन्यांची सरासरी जास्तच आली. डॉक्टरांनी आणखी तीन महिने दिले आणि हे शेवटचे, असं बजावलं.

मग रोज तेच. थरथर आली की मशीन. मी म्हणायचो, आज नक्की लो आहे. ती आधी माझं बोट टोचायची, मग तिचं, आणि दोन्ही आकडे माझ्या नाकासमोर धरायची. मी हात मांडीखाली दाबून ओट्यावर बसायचो, डॉक्टरांना, मेव्हण्याला, काकडीला शिव्या घालत. ती शेजारी मेथी निवडत असायची. अर्ध्या तासानं थरथर जायची, गुळाशिवाय. पुढं पंधरा मिनिटांत. मग एक दिवस अकरा वाजून गेले ते मला कळलंच नाही.

दुसऱ्या वेळी सरासरी ताळ्यावर आली. डॉक्टरांनी सही दिली. सोमवारी पहिली पाळी होती आणि बायको पहाटे उठून माझा डबा करत होती. मिरच्या चिरताना एकदम "स्स्" करून तिनं हात पाण्याखाली धरला. मी बघायला गेलो. दोन्ही हातांच्या बोटांची टोकं टोचून टोचून काळी पडली होती, त्यात मिरची झोंबत होती. साखर माझी. तिला काहीही झालेलं नव्हतं.

"दाखवू नका कौतुक, उशीर हुईल," ती म्हणाली आणि डबा हातात दिला.

शिडी चढून केबिनमध्ये बसलो, पहिली कॉइल उचलली. आधी काट्याकडं बघितलं. बावीस वर्षं मिरवत होतो, वजन मला हाताला कळतं म्हणून. तिनं इतके महिने काय उचललं, ते मला तिची बोटं बघेपर्यंत कळलं नाही.