बसायची नोकरी

सयाजी कदमाला नोकरी लागली आणि अख्ख्या गावाला करमणूक झाली. नोकरी चक्क बसायची होती. सकाळी नऊला सातारच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये जायचं, विमानाच्या खुर्चीत पट्टा बांधून बसायचं आणि दुपारी दोनला उठून घरी यायचं. पारावरची मंडळी म्हणाली, "सयाजी, आमी हितं जलमभर फुकट बसलोय गड्या. आमचाबी वशिला लाव की."

खरी गंमत गावाला ठाऊकच होती. सयाजीइतका न बसणारा माणूस त्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. पलटणीतून नाईक म्हणून निवृत्त होऊन त्याला चार वर्षं झाली होती. वय सत्तेचाळीस, उंची पाच फूट तीन इंच आणि पायाला भिंगरी. चहा उभ्यानं प्यायचा. जेवताना दोनदा उठायचा. उसाला पाणी लावून घरी आला की पाच मिनिटांत पुन्हा बघायला पळायचा, जणू पाणी त्याच्या माघारी उलटं वाहणार होतं. त्याची बायको लीलाबाई म्हणायची, "आवं, घरात तुमचं बूड टेकत न्हाई आन तितं पाच तास कसं बसताय?"

"तितं हुकूम हाय," तो म्हणायचा.

उत्तर खरं होतं. घरात हुकूम देणारं कुणी नव्हतं आणि तेच त्याला चार वर्षं आतून कुरतडत होतं. या नोकरीनं निदान सकाळी दाढी करून इस्त्रीचा सदरा घालायला कारण दिलं होतं. ते कारण हातचं जाऊ नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

शेडमध्ये प्लायवूड आणि पत्र्याचा विमानाचा तुकडा उभा केला होता. मधून चिंचोळी वाट, दोन्हीकडं दोन-दोन खुर्च्या, अशा पाच ओळी आणि पुढं एकच दार. वीस खुर्च्यांत वीस माजी सैनिक. लहान विमानांच्या खुर्च्या बनवणाऱ्या त्या कंपनीच्या मॅनेजरनंच हे ठरवलं होतं. सैनिक वेळेवर येतात, सांगितलेलं करतात, कुरकुर करत नाहीत, असं त्याचं म्हणणं. खुर्ची पारखायला कुरकुर न करणारी माणसं आणायची म्हणजे आमटीचं मीठ बघायला तोंडाची चव गेलेला पाहुणा बोलवायचा. पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

खुर्ची आखली होती प्रियदर्शनी मगदूमनं. सांगलीकडच्या शेतकरी घरातली, तिशीची, बोलायला मऊ पण कामाला चिवट. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांपुढं फोमचे दोन तुकडे ठेवले. मऊ तुकड्यावर मूठ मारली, ती खालच्या फळीवर खाडकन आपटली. कडक तुकड्यावर मारली, ती वरच्या वर थांबली.

"मऊ गादी सगळ्यांना आवडते," ती म्हणाली. "पण विमान जोरात खाली आदळलं, तर मऊ गादीत माणूस तळापर्यंत जातो आणि सगळा दणका पाठीच्या कण्याला बसतो. म्हणून गादी कडकच ठेवायची आहे. फक्त ती कुठं त्रास देते ते मला कळायला हवं. दहा दिवसांनी हा आकार पक्का होईल आणि खुर्ची आदळून बघायला बाहेर जाईल. त्यानंतर बोटभर बदल करायचा म्हटला तरी सगळं पहिल्यापासून. तेव्हा आत्ता सांगा. काही लपवू नका."

"व्हय मॅडम!" वीस गळे एका दमात ओरडले.

दर अर्ध्या तासानं हातात कागद यायचा. त्यावर तीन चौकटी: ठीक, थोडा त्रास, फार त्रास. सयाजी दुसऱ्या ओळीत वाटेलगत बसायचा. पहिल्या दिवशी तासाभरानंतर त्याच्या डाव्या मांडीखाली खुर्चीची पुढची कड रुतायला लागली. त्याची टाच जमिनीला पुरती टेकतच नव्हती. पायाला मुंग्या आल्या, मग पाय जड झाला आणि दुसऱ्या तासाला तो पाय आपला आहे की शेजारच्याचा, तेही कळेना. कागद आला. सयाजीनं पेन उचललं, कपाळावरचा घाम पुसला आणि 'ठीक'वर खूण केली.

मग रोज तेच. तो घड्याळ बघायचा. छताचे रिव्हेट मोजायचा, उलटे मोजायचा. बुटात अंगठा हलवून बघायचा आणि तो हलत नाही म्हणून पुन्हा घड्याळ बघायचा. त्याच्या मागच्या खुर्चीत सुभेदार ज्ञानू शिंदे ताठ बसलेले असायचे, पाठ खांबासारखी. त्यांच्यापुढं चुळबुळ करायची सयाजीला लाज वाटायची. वीस माणसांत न बोलता एक शर्यत लागली होती आणि पहिला हलेल तो हरणार होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे प्रत्येकाला पाठ होतं.

एकदा चहा घेऊन आलेल्या कँटीनच्या सुलाबाई बाहेर ठेवलेल्या जादा खुर्चीत सहज टेकल्या. दहा मिनिटांत उठल्या. "आगं बया, मांडीत कड रुततीया की! ह्याच्यापरीस एस्टी बरी." उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणून वीसच्या वीस सैनिक हसले. सगळ्यात मोठ्यानं सयाजी हसला. प्रियदर्शनीनं वहीत काहीतरी लिहिलं, मग सैनिकांचे 'ठीक'चे गठ्ठे बघितले आणि लिहिलेलं खोडलं.

आठव्या दिवशी, चार तास झाले असताना, एकदम दिवे गेले आणि शिट्टी वाजली. विमानाला आग लागलीय असं धरून बाहेर पडायचा सराव होणार, हे सकाळी सांगितलेलं होतं, कधी ते सांगितलं नव्हतं. पट्टा काढायचा, दारातून बाहेर पडायचं, दीड मिनिटात विमान रिकामं. सयाजीनं झटक्यात पट्टा सोडला, उभा राहिला आणि डावा पाय टाकला. पाय नव्हताच. तो वाटेत आडवा पडला. मागून सुभेदार त्याच्यावर कोसळले, त्यांच्यामागचे जागीच अडकले, कुणी ओढतंय, कुणी उचलतंय, अंधारात नुसता गोंधळ. शेवटचा माणूस बाहेर आला तेव्हा पावणेतीन मिनिटं झाली होती. सुभेदारांचं मनगट मुरगळलं होतं.

प्रियदर्शनी धावत आली. "काय झालं काका?"

"घसरलो," सयाजी म्हणाला. तोंडातून गेलं ते गेलं.

संध्याकाळी घरी त्याचा पाय कुठंच ठरेना. उसाला दोन चकरा मारून झाल्या, गाडी पुसून झाली, पुसलेली पुन्हा पुसून झाली. लीलाबाई भाकरी थापता थापता बघत होती.

"काय केलंय तुमी?"

"कुटं काय?"

"मग बसा की."

तो बसला आणि उठला. "सुभेदारांचा हात मुरगाळला," एवढंच म्हणून बाहेर गेला. सुभेदारांना तो दुपारपासून दोनदा फोन लावून बसला होता आणि त्यांनी उचलायच्या आत दोन्हीदा कापला होता.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पाऊल टाकलं तर दोन माणसं वाटेतली मॅट उखडत होती. प्रियदर्शनी गुडघ्यांवर बसून नव्या मॅटचे तुकडे ओले करून त्यावर बूट घासून बघत होती. तिचे डोळे लाल होते. ती मॅनेजरला सांगत होती, "खुर्ची बरोबर आहे सर. जमीन घसरते. दोन दिवस यात जातील, पण खुर्चीला हात लावायचं कारण नाही."

सयाजी तिथंच थबकला. आपल्या एका शब्दानं ही पोर चांगली मॅट उखडतेय आणि वाईट खुर्ची पक्की करतेय, हे त्याला लख्ख दिसलं. उलट्या पावली बाहेर जावं, गाडी काढावी, पुन्हा इकडं फिरकूच नये, असंही वाटलं. त्यानं तसं केलं नाही, कारण मागून सुभेदार येत होते, हाताला पट्टी बांधून, वेळेवर.

"मॅडम, मॅट चांगली हाय," तो म्हणाला. "माजा पाय गेला हुता. बधिर हुतोय. त्या कडेनं."

"कधीपासून?"

"पैल्या दिसापासनं."

ती हळूहळू उठली. कपाटातून त्याच्या कागदांचा गठ्ठा काढला, सगळे 'ठीक' एकेक करून उलटले. ओरडली असती तर सयाजीला बरं वाटलं असतं.

"काका," ती म्हणाली, "काल तुमच्या मागं बारा माणसं होती."

सैनिकाला याहून वेगळं काही सांगावं लागत नाही. खरी आग असती तर काय झालं असतं, ते त्याला एका क्षणात दिसलं आणि त्याचे कान तापले. मग जे बारा वर्षांत लीलाबाईलाही नीट सांगितलं नव्हतं ते तो सगळ्यांदेखत बोलून गेला. डोंगरात पोस्टिंगवर असताना गुडघा दुखावला. डॉक्टरसायबांनी विचारलं, त्यानं खरं सांगितलं. मेडिकल कॅटेगरी खाली गेली, हवालदार व्हायच्या यादीतनं नाव उडालं, आणि राहिलेली सगळी सर्व्हिस कोठारात गेली. "तवाच ठरावलं मॅडम. कुणी बी इचारलं तर ठीक हाय म्हणायचं. दुखतंय म्हणलं की मानसाला काडत्यात. हितनं बी काडतील, असं वाटलं. आता काडा. माजी तक्रार न्हाई."

प्रियदर्शनीनं कागदांचा गठ्ठा खाली ठेवला.

"मी उंची लिहून माणसं मागवली होती," ती म्हणाली. "ही कड कमी उंचीच्या माणसालाच लागणार, हे मला माहीत होतं. कुठं लागते आणि किती वेळानं, ते माहीत नव्हतं. तेवढ्यासाठी तुम्हाला घेतलं. तुमच्या दुखण्यासाठीच तुम्हाला घेतलंय काका."

सयाजीला राग आला की रडू आलं, त्याचं त्यालाच कळेना. ज्या दुखण्यानं त्याला यादीतनं उडवलं, त्याच्यासाठी कुणी पगार देतंय, हे डोक्यात शिरायला जागाच नव्हती. तो आपल्या खुर्चीत जाऊन बसला आणि पट्टा बांधला. मॅट उखडणारी माणसं हत्यारं गोळा करून निघून गेली. बाकीचे एकेक करून आत आले. कुणीच कुणाकडं बघत नव्हतं.

नऊ वीसला सुरुवात झाली. एक तास दहा मिनिटांनी सयाजीनं हात वर केला. कागद यायला अजून वीस मिनिटं होती. आवाज परेडला निघतो तसा निघाला, मधेच थोडा फाटला.

"डावी मांडी, मॅडम. कडेपासनं चार बोटं. आत्ता सुरू झालं."

प्रियदर्शनी टेप घेऊन धावली. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून सुभेदार ज्ञानू शिंद्यांनी पट्टीचा हात वर केला.

"माजं आठ दिवसांचं कागद परत द्या," ते म्हणाले. "त्यात खोटं लिवलंय."